सार्जंट डेल्फीनचा मुका

डेल्फीन गुडस्काय जन्मली तेव्हा सुईणीला टॉवेल सापडत नव्हता. पोरीनं रडायच्या आधी ओठांचा चंबू करून तो कुठल्या फळीवर आहे ते दाखवलं, असं तिचा मामा ऑर्व्हेल आयशम शपथेवर सांगायचा. ऑर्व्हेलमामाच्या शपथेला बेंट पाइनच्या मुलखात काय भाव होता ते सोडा, पण डेल्फीनच्या ओठांबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. तिथले सगळेच ओजिब्वे, म्हणजे त्या भागातले मूळ अमेरिकन, ओठांनी दिशा दाखवतात. बोट रोखणं म्हणजे उद्धटपणा, आणि तसंही वर्षातले सात महिने बोटं हातमोज्यातच असतात. पण बाकीच्यांचे ओठ फार तर ‘तिकडे’ एवढंच म्हणत. डेल्फीनचे ओठ पत्ता सांगत. चर्चमागचं दुसरं घर, निळं दार, कुत्रा चावतो, सगळं एका चंबूत. एकदा दक्षिणेला निघालेला रानहंसांचा थवा वाट चुकून पूर्वेला चालला होता, तो तिनं पोलिसाच्या गाडीत बसल्या बसल्या वळवला म्हणतात. त्यातले निम्मे हंस तरी खरे असावेत.

बावीस वर्षं ती जमातीच्या पोलिसात होती, त्यातली नऊ सार्जंट म्हणून. त्या वसंतात मात्र ती आरोपी झाली.

झालं ते असं. मार्चचा शेवटचा आठवडा. तलावावरचा बर्फ वरून लग्नातल्या केकसारखा पांढरा आणि आतून कुजलेला. युनिसमावशीची गाडी धक्क्यापाशी बंद पडली होती. डेल्फीन जंपर केबल घेऊन वाकली होती, तांबडा चिमटा एका हातात, काळा दुसऱ्यात. तेवढ्यात शहरातला एक माणूस कोरी करकरीत पिकअप घेऊन आला. मागे चाकांवरची, बर्फावर नेऊन ठेवायची मासेमारीची खोपटी जोडलेली. काच खाली करून त्यानं विचारलं, “बाई, पलीकडच्या काठाला कसं जायचं?”

डेल्फीननं ओठ डावीकडे काढले. डावीकडे चर्चला वळसा घालून जाणारा डांबरी रस्ता होता. माणूस नुसता बघत राहिला, म्हणून तिनं पुन्हा एकदा, जरा ठासून, ओठ काढले. माणसाचे कान लाल झाले. तो काहीतरी पुटपुटला आणि त्यानं गाडी सरळ तलावावर घातली.

चाळीस पावलांवर बर्फानं जबडा उघडला. पिकअप नाकावर बसली, खोपटी आडवी झाली आणि माणूस टपावर चढून आईला हाका मारायला लागला. डेल्फीन पोटावर सरपटत गेली, दोर फेकला आणि त्याला ओढून काठावर आणलं. अंगावर आपला कोट घातला, वर युनिसमावशीच्या थर्मासमधली कॉफी पाजली. तो कॉफी प्यायला, कोटासकट घरी गेला आणि आठ दिवसांनी त्यानं तक्रार पाठवली. खाली सही, रसेल टिबेट्स, बोटींचे विक्रेते. मजकूर असा, की मी पोलीस अधिकाऱ्याला रस्ता विचारला, ती गप्प उभी राहिली आणि तिनं मला मरणाच्या तोंडी जाऊ दिलं.

पोलीसप्रमुख लेरॉय ड्रिफ्ट हा भला माणूस, पण कागद आला की घाबरायचा. त्यानं डेल्फीनला बोलावलं. “पाचच्या आत काय झालं ते लिहून दे. नाही तर बिल्ला टेबलावर ठेव.”

डेल्फीननं उभ्या उभ्या लिहिलं, ‘त्यानं रस्ता विचारला. मी सांगितला. तो दुसरीकडून गेला. मी त्याला बाहेर काढलं.’ खाली सही ठोकली आणि गस्तीला निघून गेली.

आता तिच्या छातीवर कॅमेरा होता. छातीवरच्या कॅमेऱ्याला छातीच्या वरचं काय दिसणार? चित्रात दोन चिमटे, पिकअपचं दार आणि टिबेट्सचं अर्धं तोंड. आवाज मात्र स्वच्छ. त्या आवाजात डेल्फीनचा एकही शब्द नव्हता. युनिसमावशी तिथंच होती, पण गाडीत बसलेली, आणि पुढे बॉनेट उघडं. तिनं पाहिलं ते फक्त बॉनेट. डेल्फीनचे ओठ पाहिले होते ते एकट्या टिबेट्सनं.

जमातीनं चार महिन्यांपूर्वी मिलवॉकीहून एक सरकारी वकील आणला होता, ट्रेव्हर ओडेल. मेहनती, सभ्य, आणि बर्फात पातळ तळव्यांचे बूट घालणारा. त्यानं ध्वनिमुद्रण सहा वेळा ऐकलं, कागद वाचला आणि ‘सांगितला’ या शब्दाखाली लाल रेघ मारली. दोन आरोप ठेवले. एक, खोटा अहवाल. दोन, माणसाचा जीव धोक्यात घालणं. बिल्ला त्याच दुपारी गेला.

दुसरा आरोप मोठा, पण डेल्फीनला डसला तो पहिला. पोलिसाचं नाव एकदा खोट्यात गेलं की ते परत येत नाही. पुढे तिनं सूर्य पूर्वेला उगवला असं लिहिलं, तरी कुठला तरी वकील उभा राहून विचारणार, आवाज कुठे आहे?

“पहिलं काम, तो कागद बाहेर फेकायचा,” ऑर्व्हेलमामा म्हणाला. तिच्या स्वयंपाकघरात बसून तो मनूमिनचं, म्हणजे तलावातल्या रानतांदळाचं, सूप ओरपत होता. मामा जमातीच्या कोर्टात वकिली करायचा. वकिलीची परीक्षा त्यानं दिलेली नव्हती, तिथं तशी सक्तीही नाही. तीस वर्षं त्यानं बर्फ हटवायचा नांगर चालवला होता. दोन्ही धंद्यांत काम एकच, म्हणायचा, रस्ता मोकळा करायचा.

“फेकायचा कशाला? खरा आहे तो,” डेल्फीन म्हणाली.

“असेल खरा. पण लेरॉयनं नोकरीचा गळा दाबून काढलाय ना? आपल्या कायद्यात काय लिहिलंय? कुणाला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडायचं नाही. कुणाला म्हणजे कुणालाच. तिथं ‘पोलीस सोडून’ असं लिहिलेलं नाही, मी चष्मा लावून बघितलंय.”

“मामा, तो कायदा मी बावीस वर्षं लोकांना म्हणून दाखवते. तुला गप्प राहायचा हक्क आहे, म्हणते. आणि जो गप्प राहतो त्याच्याकडे बघून मनात म्हणते, केलंय ते ह्यानंच.”

“होवा!” मामा ओजिब्वेत उद्गारला. “आणि आता खुर्ची फिरली.”

“मी लपतेय असं दिसेल.”

“दिसू दे की. तू गाडीत पट्टा लावतेस तो काय रोज झाडावर आदळायला निघतेस म्हणून? हक्क काय चोरांसाठी राखून ठेवलेत होय गं? सूप वाढ.”

डेल्फीननं सूप वाढलं. ती हरली होती, पण तसं म्हणाली नाही. मामानंही विचारलं नाही. त्यानं फक्त ध्वनिमुद्रण लावायला सांगितलं. कायद्यानं ते आरोपीला मिळालं होतं.

टिबेट्सचा प्रश्न ऐकू आला. मग चार सेकंद सामसूम. मग टिबेट्सचाच आवाज, घोगरा, घाईतला, “नको, नको. आभारी आहे, बाई. घरी बायको आहे.” मग इंजिन.

“हे काय बोलला हा?” मामानं विचारलं.

“ओडेल म्हणतो, बायको घरी वाट बघत होती म्हणून घाईत होता.”

“रस्ता विचारला, तर बायको सांगतो?” मामानं ते पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. पाचव्या वेळी त्यानं चमचा खाली ठेवला आणि हसायला लागला, तो इतका की रानतांदूळ नाकातून बाहेर आला आणि त्याला पाठीत धपाटे घालावे लागले.

“काय झालं ते सांग तरी!”

“नाही सांगणार. तुला आत्ता सांगितलं तर तू कोर्टात आधीच हसशील. पण ह्या माणसाला मला समोर बघायचंय. कागदावर नको. समोर, हाडामांसाचा.”

कोर्ट शाळेच्या जुन्या व्यायामशाळेत भरायचं. न्यायाधीशांचं टेबल बास्केटबॉलच्या जाळीखाली. ज्यूरी बसवायचा प्रश्न नव्हता. आरोपीच्या नात्यात नसलेली सहा माणसं लागली असती, आणि त्या मुलखात अशी दोनच होती, दातांचा डॉक्टर आणि ट्रेव्हर ओडेल. न्यायाधीश व्हर्ना किंगबर्ड त्यासाठीच दीडशे मैलांवरच्या दुसऱ्या मुलखातून आणलेल्या. त्याही ओजिब्वेच. बाईंच्या चेहऱ्यावरून काही कळायचं नाही. त्यांच्याशी पत्ते खेळणं लोकांनी कधीच सोडून दिलं होतं.

मामानं लेरॉय ड्रिफ्टला साक्षीला उभं केलं.

“लेरॉय, माझ्या भाचीला काय म्हणालास?”

“पाचच्या आत लिहून दे म्हणालो.”

“आणि नाही दिलं तर?”

लेरॉयनं टोपी हातात फिरवली. “बिल्ला टेबलावर ठेव म्हणालो.”

“हे लिहिलेलं तिच्याविरुद्ध वापरतील, असं सांगितलंस?”

“मला कुठं माहीत होतं वापरतील म्हणून?”

ओडेल उठला. पोलिसांना प्रमुखांचा हुकूम पाळावाच लागतो, त्यात जबरदस्ती कसली, असं त्यानं नीट, मुद्देसूद मांडलं. किंगबर्डबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“मिस्टर ओडेल, प्रमुखांनी हुकूम द्यावा. खात्यानं त्या कागदावरून खात्यातली चौकशी करावी. पण नोकरी जाईल म्हणून लिहिलेला कागद आरोपीला शिक्षा करायला इथं आणता येणार नाही. गणवेश घातला म्हणून कुणी आपले हक्क घरी खुंटीला टांगून येत नाही. कागद बाहेर. पहिला आरोप त्या कागदावर उभा होता, तो आता हवेत उभा आहे. तोही खाली.”

मागच्या बाकांवर गलका झाला. “सुटली गं बाई!” कुणीतरी म्हणालं. डेल्फीनच्या पाठीत तो शब्द टाचणीसारखा गेला. सुटली. खरी ठरली असं कुणी म्हणालं नाही.

मधल्या सुट्टीत ओडेल कॉफीचे दोन पेले घेऊन तिच्यापाशी आला. “सार्जंट, अजून एक आरोप आहे. राजीनामा द्या, मी तोही काढून घेतो. उगाच ताणायला मलाही आवडत नाही.”

“बावीस वर्षं झाली मला, मिस्टर ओडेल. राजीनामा लिहायला शिकायचं राहूनच गेलं,” डेल्फीन म्हणाली आणि तिनं कॉफी घेतली. “माणूस आणा.”

ओडेलला माणूस आणायचा नव्हता. टिबेट्सनं नोटरीपुढे शपथपत्र केलं होतं, तेच वाचून दाखवू, त्यांना दोनशे मैल यावं लागेल, धंद्याचे दिवस आहेत, असं तो म्हणाला.

मामा सावकाश उठला. “बाई, कागदाला मी काय विचारू? कागदाला घाम येत नाही. माझ्या भाचीवर बोट रोखणारा माणूस तिच्या समोर उभा राहून बोलला पाहिजे, हा तिचा हक्क. आमच्यात बोट रोखणं आधीच वाईट, त्यातून पोस्टानं?”

किंगबर्डबाईंनी दहा दिवसांनंतरची तारीख दिली.

त्या दहा दिवसांत बर्फ गेला आणि तलावातून पिकअप बाहेर निघाली. तिच्या पुढच्या सीटवर बसलेला वॉलाय मासा पट्टा लावून होता म्हणतात. टिबेट्स आला तो बायकोला घेऊनच. मर्ना टिबेट्स म्हणजे ताठ बसणारी, पर्स मांडीवर उभी धरणारी बाई. डेल्फीनला ती पाहताक्षणी आवडली. व्यायामशाळा गच्च भरली होती, युनिसमावशी तर घरून उशी घेऊन आली होती.

ओडेलनं टिबेट्सकडून सगळं वदवून घेतलं. विचारलं, ती गप्प राहिली, मी गेलो, बुडालो. “मुकी उभी होती ती,” टिबेट्स म्हणाला. “एक शब्द नाही.”

मग मामा उठला.

“मिस्टर टिबेट्स, पाण्यातून नीट सुकलात ना?”

“हो.”

“छान. तुम्ही रस्ता विचारलात तेव्हा सार्जंट तुमच्याकडे बघत होत्या?”

“हो.”

“आणि तुम्ही त्यांच्याकडे. मग त्यांनी काय केलं?”

“काही नाही. सांगितलं ना.”

“काहीच नाही?” मामानं ध्वनिमुद्रण लावलं. प्रश्न. चार सेकंद. ‘नको, नको. आभारी आहे, बाई. घरी बायको आहे.’ त्यानं ते थांबवलं. “हे तुमचंच बोलणं ना? जिनं काहीच केलं नाही, तिला तुम्ही नको नको का म्हणालात?”

टिबेट्सचे कान लाल व्हायला लागले. त्यानं बायकोकडे पाहिलं. मर्नाची पर्स एक इंच वर आली.

“मी… घाईत होतो.”

“घाईत माणूस नको म्हणतो, ते समजलं. आभार कसले मानलेत?”

“माझ्या मते ह्याचा खटल्याशी काही संबंध नाही.”

“संबंध मी ठरवीन,” किंगबर्डबाई म्हणाल्या. “उत्तर द्या. सगळं खरं सांगायची शपथ घेतलीत तुम्ही.”

टिबेट्सनं रुमाल काढला. “तिनं तोंडानं काहीतरी केलं.”

“काय?”

“मला बाईमाणसाबद्दल असं बोलायला बरं वाटत नाही.”

“रसेल,” मर्ना जागेवरून म्हणाली, “काय केलं तिनं?”

ओडेलनं बहुधा पहिल्यांदाच आपल्या साक्षीदाराकडे नीट पाहिलं.

“मुका दिला!” टिबेट्स ओरडला. “लांबून! एकदा नाही, दोनदा! गणवेशातली बाई, हातात विजेचे चिमटे, आणि मुके देते! मी लग्न झालेला माणूस आहे. मला सुचेना काही. मी पाय दाबला आणि निघालो, समोर वाट दिसेल तिकडे!”

मग युनिसमावशीच्या उशीतून एक आवाज आला, कुकरची शिट्टी सुटल्यासारखा, आणि त्यामागून सगळी व्यायामशाळा फुटली. किंगबर्डबाईंनी हातोडा आपटला, पण आपटताना तोंड कागदात घातलं होतं. डेल्फीन तेवढी हसली नाही. ती टिबेट्सकडे बघत होती. तिला आत्ता कळलं, की हा माणूस खोटं बोलतच नव्हता. त्या धक्क्यावर दोन खरी माणसं समोरासमोर उभी होती.

“मुका दिला, बरं,” मामा गंभीरपणे म्हणाला. “तुमच्याकडे तोंड करून?”

“हो. म्हणजे… नाही. जरा बाजूला.”

“बाजूला? मुका तुम्हाला आणि नेम दुसरीकडे?”

“मला तेव्हा ते विचित्रच वाटलं.”

“कोर्टाला जरा करून दाखवा. जसा होता तसा.”

“हरकत!” ओडेल अर्धवट उठला, पण कशाला हरकत घ्यायची ते त्याला सुचेना. तो परत बसला.

रसेल टिबेट्सनं डोळे मिटले, ओठांचा चंबू केला आणि डावीकडे काढला.

त्याबरोबर साठ-सत्तर डोकी एकदम डावीकडे वळली. लेरॉयचं वळलं. युनिसमावशीचं वळलं. न्यायाधीशांच्या खुर्चीतलंही वळता वळता सावरलं. डावीकडे काही नव्हतं, फक्त बाहेर जायचं दार. सगळे त्या दाराकडे बघत राहिले, कोण आलं म्हणून. सर्वात शेवटी, त्या सगळ्यांकडे बघून, ट्रेव्हर ओडेलनंही मान वळवली. मग त्यानं टेबलावरचा नकाशा हळूच पुढे ओढला. त्यावर धक्का होता, तलाव होता, आणि धक्क्याच्या डावीकडे चर्चचा रस्ता.

“मिस्टर टिबेट्स,” मामा म्हणाला, “तुम्ही मघाशी म्हणालात, ती मुकी होती. मुकी नव्हती, साहेब. मुका होता. आणि तो तुमचा नव्हता, रस्त्याचा होता.”

“म्हणजे… तिला मी…” टिबेट्सचा चेहरा पडला. लाज कमी झाली की निराशा वाढली, ते सांगणं कठीण होतं.

“नाही, रसेल,” मर्ना म्हणाली. पर्स खाली आली. “तिला तू अजिबात आवडला नव्हतास.”

“मला हे ठाऊक होतं,” किंगबर्डबाई म्हणाल्या, व्यायामशाळा शांत झाल्यावर. “माझी आजी अशीच दाखवायची. पण न्यायाधीशाला जे ठाऊक असतं तो पुरावा नसतो. तो साक्षीदाराच्या तोंडून यावा लागतो. आज अगदी शब्दशः तोंडून आला. मिस्टर ओडेल?”

ओडेल उभा राहिला. पातळ बुटांतच, पण ताठ. “आरोप मागे घेतो, माननीय न्यायाधीश. आणि एक सांगतो. मी ते ध्वनिमुद्रण सहा वेळा ऐकलं. सहाही वेळा मी फक्त कान वापरले.”

“हा खटला संपला. आरोपी निर्दोष,” किंगबर्डबाई म्हणाल्या. लेरॉय ड्रिफ्टनं खिशातून बिल्ला काढला आणि तो घाईघाईनं पुढे आला. पण डेल्फीननं हात पुढे केला नाही.

“बाई, माझा कागद आत घ्या.”

“कुठला कागद?”

“मी लिहिलेला. चार वाक्यांचा.”

“तो मी बाहेर काढलाय, सार्जंट. तुमच्याच वकिलांनी मागितलं म्हणून.”

“तुम्ही बाहेर काढलात तो लेरॉयचा कागद. मी माझा देते आहे.”

किंगबर्डबाईंनी मामाकडे पाहिलं. “तुमचा सल्ला काय, मिस्टर आयशम?”

“मी तिला एक्कावन्न वर्षं सल्ला देतोय, बाई,” मामा म्हणाला. “एकदा तिनं ऐकला, गेल्या महिन्यात. अजून माझा विश्वास बसत नाही.”

“तुम्हाला कुणी भाग पाडलं नाही?”

“पाडून बघावं,” डेल्फीन म्हणाली.

तिनं कोरा कागद मागून घेतला आणि उभ्या उभ्या, तशाच अक्षरात, पुन्हा लिहिलं. मग मोठ्यानं वाचलं, मागच्या बाकापर्यंत पोचेल असं. “त्यानं रस्ता विचारला. मी सांगितला. तो दुसरीकडून गेला. मी त्याला बाहेर काढलं.”

ओडेलनं हात वर केला. या वेळी त्याच्या आवाजात वकिली नव्हती. “सार्जंट, ‘सांगितला’च्या पुढे ‘ओठांनी’ असं घालता का? पुढे कुणाचा घोळ व्हायला नको.”

डेल्फीननं विचार केला. खरोखरच केला, कारण माणूस मनापासून विचारत होता.

“नको,” ती म्हणाली. “रस्ता सांगायचा म्हणजे तोंडानंच की. आणखी कशानं सांगतात?”

किंगबर्डबाईंनी कागद घेतला, त्यावर शिक्का मारला आणि खटल्याच्या फाइलीत सगळ्यात वर लावला. डेल्फीननं लेरॉयच्या हातातून बिल्ला घेतला, शर्टाला टोचला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अडीच वाजले होते आणि तीनला तिची ड्यूटी सुरू व्हायची होती.